तासगावच्या बेदाण्यावर तपासून पाहू



मुख्य गटातील मूलद्रव्यांवर बोलायला सांगली-साताऱ्याइतकी योग्य जागा मला दुसरी सुचत नाही. एकटे गंधक घ्या. द्राक्षावरची भुरी रोखायला फवारतात ते मूलद्रव्यरूपातले गंधक, ऑक्सिडीकरण अंक शून्य. साखर कारखान्यात गंधक जाळून सल्फर डायऑक्साइड तयार करतात आणि चुन्याच्या जोडीने उसाचा रस निवळतात. तिथे अंक धन चार. त्यातले काही सल्फेट होऊन मळीत उतरते, धन सहा. मळीपासून अल्कोहोल काढल्यावर उरलेल्या स्पेंटवॉशवर जिवाणू काम करतात, तेव्हा बायोगॅसला कुजक्या अंड्यांचा वास येतो. तो हायड्रोजन सल्फाइड, ऋण दोन. फळ्यावर आपण ऑक्सिडीकरण अंकांची जी शिडी काढतो, ती इथल्या शिवारात आणि कारखान्यात उभी आहे.

असे असताना आपले संशोधन या शिवाराकडे क्वचितच वळते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

बेदाण्याचेच पाहा. तासगाव भागात सुकवण्याआधी द्राक्षाचे घड द्रावणात बुडवतात. लिटरभर पाण्यात साधारण 25 ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि 15 मिलिलिटर इथाइल ओलिएट, म्हणजे शेतकऱ्यांचे डिपिंग ऑइल. सालीवरचा मेणाचा थर सैल होतो, पाण्याला बाहेर पडायला वाट मिळते आणि मणी शेडमधल्या जाळीवर कितीतरी लवकर सुकतो. मग गंधकाची धुरी. मणी काळवंडवणाऱ्या एन्झाइमला सल्फर डायऑक्साइड आवरतो, म्हणून बेदाण्याचा रंग टिकतो आणि रंगावर सौद्यात भाव ठरतो. धुरी जास्त झाली तर मात्र खाणाऱ्याच्या तब्येतीचा प्रश्न येतो. दमेकऱ्याला सल्फाइट त्रास देऊ शकते.

आता रसायनशास्त्रज्ञाचे काम सुरू होते. बेदाण्यातला सल्फर डायऑक्साइड सगळा मोकळा राहत नाही. काही भाग ग्लुकोजसारख्या साखरेच्या कार्बोनिल गटाला जोडला जातो. नुसते आयोडीनचे अनुमापन केले तर बद्ध भाग निसटतो आणि फिनॉलिक संयुगे आयोडीन खाऊन आकडा फुगवतात. आम्लात उकळून वायू ऊर्ध्वपातनाने बाहेर काढण्याची पद्धत भरवशाची आहे, पण शेडवर ती कोण करणार?

शेडवर चालेल अशा सोप्या चाचणीसाठी संवेदक रेणू आठवतात. नत्र, गंधक, बोरॉन, सेलेनियम असे विषम अणू गुंफून बायसल्फाइट ओळखणारे चमकते संवेदक रेणू आपले विद्यार्थी उत्साहाने बनवतात. ते कौशल्य मोठे आहे. पण स्वच्छ अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये चमकला म्हणजे रेणू यशस्वी, हे मी मानायला तयार नाही. साखर, टॅनिन, पोटॅशियम आणि तेलाचा अंश असलेल्या चिकट अर्कात तो टिकतो का, हीच खरी परीक्षा. त्यात तो नापास झाला तर का झाला, हेही छापण्याजोगे आहे. किंबहुना तिथेच नवे रसायनशास्त्र हाती लागेल.

म्हणून माझी सूचना नेमकी आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये शेड भरू लागतील. दोन्ही जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांनी मिळून शेतकऱ्यांच्या संमतीने धुरीआधीचे, धुरीनंतरचे आणि शीतगृहात काही महिने राहिलेले नमुने घ्यावेत. प्रत्येक नमुन्यावर ऊर्ध्वपातन आणि आपला संवेदक, दोन्ही चालवावेत, आणि पहिला अहवाल मराठीत लिहून, तो छापायला पाठवण्याआधी, शेडच्या मालकाच्या हाती द्यावा.