मशीनला पेटी कळते, सोनं नाही

एक प्रश्न फार येतो: जमिनीत लोखंडी पेटी, आत सोनं, तर डिटेक्टर काय दाखवेल?

पेटी दाखवेल. कॉइलमधून निघालेल्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे धातूत भोवरी प्रवाह तयार होतात, मशीन तेच पकडतं. जाड लोखंडात हे क्षेत्र पत्र्यातच जिरतं, आतल्या दागिन्यांपर्यंत जातच नाही. म्हणून ‘पेटीतलं सोनं ओळखतं’ सांगून कोणी महागडं मशीन विकायला आला, तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

आता गंमत बघा. खिळे टाळायला आपण लोखंडाचा सिग्नल बंद ठेवतो, मग पेटीही हुकू शकते. उलट मोठा सपाट पत्रा कधीकधी तांब्या-चांदीसारखा आकडा देतो! अशा वेळी कॉइल हळूहळू वर उचला. नाण्याचा आवाज पटकन विरतो, मोठ्या वस्तूचा टिकतो. पेटी खोल असेल तर मॅग्नेटोमीटर बरा. त्याला सोनं कळत नाही, लोखंड कळतं.

आणि सापडलंच तर? १८७८चा निखात निधी कायदा आजही आहे. दहा रुपयांवरचं पुरलेलं धन मिळालं, की कलेक्टरला लेखी कळवायचं. लपवलंत तर वाटा जातो, वर तुरुंगही होऊ शकतो.