सर्व्हर अडकला? आकडा कमी करून बघा

नागपूरहून बोलतोय. १६ जुलै २०२१, दहावीचा निकाल, आणि वेबसाइट कित्येक तास उघडेचना. आठवतं ना?

तसाच घोळ, छोट्या प्रमाणावर, मी स्वतः केलाय. एका क्लासची निकालाची साइट होती. २ जीबी रॅम, अपाची, पीएचपी. निकाल लागला आणि साइट अडकली. एका मुलीचे बाबा फोनवर म्हणाले, "पास झाली का, तेवढं तरी सांगा ना भाऊ!" मी घाईत मॅक्सरिक्वेस्टवर्कर्स १५० चा २५६ केला. साइट पारच झोपली.

मग हिशोब केला. आमची एक प्रोसेस साधारण ५० एमबी खायची. २५६ म्हणजे जवळपास १३ जीबी! रॅम संपली की सर्व्हर डिस्कवर स्वॅप करतो, आणि डिस्क रॅमपेक्षा खूपच हळू.

म्हणून दीड जीबी भागिले ५०, आकडा ठेवला ३०. कीपअलाइव्हटाइमआउट ५ वरून २ सेकंद. साइट उठली!

तर्री पोह्याच्या ठेल्यासारखंच आहे हे. सगळ्यांच्या प्लेटा एकदम लावायला गेलं की कोणालाच पोहे मिळत नाहीत. रांग लावली की नंबर लवकर येतो.

तुम्हीपण आज टॉप कमांड चालवा, एक प्रोसेस किती रॅम खाते बघा, भागाकार करा. निकालाच्या दिवशी नाही, आधीच. भेटू पुढच्या भागात!