समुद्रावर हरवलेले वैमानिक
(मंडळाच्या विजयदिन समारंभातील भाषण)



भूमीवर पडलेल्या वीराचा निदान एक चबुतरा असतो. समुद्रावर पडलेल्या वैमानिकाला तेवढेही लाभत नाही. अशा तिघांविषयी आज बोलावे असे मी योजिले आहे.

९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळ 'हंगोर' या पाकिस्तानी पाणबुडीने आपली 'खुकरी' ही युद्धनौका बुडविली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांचे नाव तेव्हापासून सर्वतोमुखी झाले, ते योग्यच होय. परंतु दुसऱ्याच दिवशी नौदलाचे एक आलिझे विमान अरबी समुद्रावर गस्त घालीत असता शत्रूच्या स्टारफायटर विमानाने पाडले, याची आठवण क्वचितच निघते. लेफ्टनंट कमांडर अशोक रॉय, लेफ्टनंट सिरोही आणि त्यांचे सहकारी विजयन हे त्यात होते. तिघेही परतले नाहीत.

आलिझे हे फ्रेंच नाव. अर्थ व्यापारी वारे. पाणबुड्या हुडकण्यासाठी बनविलेले हे पंख्याचे विमान, वेग ताशी जेमतेम ५०० किलोमीटर. स्टारफायटर ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाणारे. या सामन्याला झुंज म्हणावे काय, याचा मला संशय आहे.

आता घरच्यांचा विचार करा. देह नाही, तर मृत्यू कोणी ठरवायचा? माझे आयुष्य सरकारी फायलींत गेले, म्हणून सांगतो : सात वर्षे ज्याची खबर नाही तो मृत मानावा, असे १८७२ चा पुरावा कायदा म्हणत होता, २०२३ च्या नव्या कायद्यानेही ती मुदत कायम ठेविली आहे. शास्त्रकार अधिक सबुरीचे. त्यांनी सामान्यतः बारा वर्षे वाट पाहण्यास सांगितले आणि मग पालाशविधी, म्हणजे ३६० पळसपानांचा पुतळा करून त्याला अग्नी देणे. फाल्गुनात आपल्या छत्तीसगढचे रान पेटविणारा तोच हा पळस! कायदा वारसाची सोय पाहतो, शास्त्र गेलेल्याच्या गतीची. वाट पाहणाऱ्या पत्नीचे मन मात्र या दोहोंच्या हिशेबात बसत नाही.

आपल्याच समाजातील फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे ५ डिसेंबर १९७१ रोजी शोरकोटवरील हल्ल्यात बेपत्ता झाले. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे, बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या. कायद्याची सात आणि शास्त्राची बारा वर्षे उलटून गेल्यावरही त्यांनी शोध सोडला नाही. जमिनीवर पडलेला माणूस कैदेत असेल, ही आशा तरी उरते. भर समुद्रात पडलेल्याच्या घरी ती धरावी की सोडावी, हेच कळत नाही. आणि मला वाटते, ती सोडण्यातच अपराध केल्याची भावना अधिक छळत असावी.

२०२२ साली नौदलात दाखल झालेल्या नव्या 'विक्रांत'च्या पोलादात आपल्या भिलाईचा वाटा आहे, हे आपण अभिमानाने सांगतो. जुन्या 'विक्रांत'वरून हीच आलिझे विमाने उडत. ती जुनी नौका मोडीत निघाली. पण गोव्याला जाल तेव्हा देवळे आणि समुद्रकिनारे पाहून झाल्यावर दाबोळीच्या विमानतळाजवळील नौदलाच्या विमान संग्रहालयात अवश्य जावे. तेथे एक आलिझे ठेविलेले आहे. तिघे जण एवढ्याशा विमानातून समुद्रावर जात, हे तेथे प्रत्यक्ष पाहावयास मिळते.