कोरोना आणि पोटाचे विकार



कोरोना म्हटले की फुफ्फुसे आणि प्राणवायू आठवतात. पोटाकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. आपल्या पालघर-बोईसर परिसरात तर जुलाब ही पावसाळ्यातील नित्याची बाब. दोष पाण्याला द्यावा आणि मोकळे व्हावे, ही आपली जुनी रीत. २०२० आणि २०२१ मध्ये हीच रीत धोक्याची होती. तारापूर औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कामगाराला खोकला नाही, ताप बेताचा, फक्त अन्नावरची वासना गेलेली आणि जुलाब होत असलेले, अशा वेळी तपासणी करावी हे त्याच्या मनात येणार तरी कसे? खोली मात्र तो चार-पाच जणांसह वापरत असे.

हा विषाणू 'एसीई-२' नावाच्या प्रथिनाला चिकटून पेशीत शिरतो. हे प्रथिन लहान आतड्याच्या अस्तरावर विपुल असते आणि अन्नातील काही अमिनो आम्लांच्या शोषणास साहाय्य करते. म्हणूनच मळमळ, उलटी, जुलाब ही लक्षणे कधी कधी खोकल्याच्याही आधी दिसतात. जानेवारी २०२० मध्ये अमेरिकेत नोंदलेल्या पहिल्या रुग्णाला जुलाब झाले होते आणि त्याच्या मलात विषाणूचा अंश आढळला होता. घशाचा नमुना निर्दोष ठरल्यावरही असा अंश काही रुग्णांच्या मलात कित्येक दिवस सापडतो. मात्र अंश सापडणे म्हणजे जिवंत विषाणू सापडणे नव्हे. मुख्य प्रसार श्वासावाटेच होतो.

प्रत्येक जुलाब विषाणूमुळेच होतो असेही नाही. प्रतिजैविकांनी पोट बिघडते, आणि दिवसातून चार वेळा घेतलेला तिखट काढाही जळजळ केल्यावाचून राहत नाही.

उपचारांत पहिला मान जलसंजीवनीचा. १९७१ मध्ये बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी तिच्या बळावर पटकीच्या असंख्य रुग्णांचे प्राण वाचविले. श्वसनयंत्रासाठी देणगी देणारे भेटतात. जलसंजीवनीच्या पुड्यांवर कुणी नाव कोरून घेत नाही! पुडी नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवावे. मधुमेही रुग्णांनी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

लघवी कमी होणे, गुंगी येणे, शौचातून रक्त पडणे किंवा दम लागणे, यांपैकी काहीही दिसल्यास रुग्णाला विनाविलंब रुग्णालयात आणावे, आणि घरात कुणाला ताप वा खोकला झाला असल्यास तेही डॉक्टरांना आवर्जून सांगावे.