पितळी बिल्ल्याचे मोल
(मंडळाच्या अमीनाबाद येथील सभेत दिलेले व्याख्यान)



जुन्या नाण्यांचा विषय लखनौस नवा नाही. नवाबी अमलातील रुपयावर माशाचे चिन्ह असे, म्हणून त्यास लोक ‘मच्छलीदार’ म्हणत. १८१९ साली गाजीउद्दीन हैदर यांनी राजपद धारण केले आणि ते स्वतःच्या नावाने नाणी पाडू लागले. परंतु आज मी राजाच्या नाण्याविषयी बोलणार नाही. एका साध्या पितळी बिल्ल्याविषयी बोलणार आहे.

अमीनाबादच्या एका गल्लीत माझ्या स्नेह्यांच्या जुन्या घराची जमीन उकरण्याचे काम चालू होते. मिस्त्रीच्या हाती मातीत माखलेली, भोक पाडलेली एक गोल चकती लागली. बाजारात कोणी तरी त्यास सांगितले की ही इंग्रजी मोहर असून लाखात जाईल. त्याच्या मुलीचे लग्न तोंडावर आले होते. स्नेह्यांनी ती वस्तू पारखण्यासाठी माझ्याकडे पाठविली, आणि मी मोठ्या उत्साहाने तिला चिंचेचा कोळ लावून घासून काढली.

हीच माझी चूक. चकती झळकली, पण पलटणीच्या नावाची झिजलेली अक्षरे पार पुसली गेली. उरला तो केवळ एक क्रमांक आणि ‘कॅन्टीन’ हा शब्द.

इंग्रजी अमलात गोऱ्या पलटणींच्या कॅन्टीनमध्ये बिअर, सोडा, कॉफी यांसाठी असे बिल्ले चालत. आसामच्या चहामळ्यांतही मजुरीपोटी बिल्ले दिले जात, कारण सुट्या पैशांची चणचण असे. नाण्यामागे सरकारची पत असते. बिल्ल्यामागे केवळ तो देणाऱ्याचा शब्द. पलटण हलली की बिल्ला निकामी होई. लखनौची छावणी मोठी होती, तेव्हा तेथून तो शहरात आला असावा. परंतु हा तर्क आहे, पुरावा नव्हे. पलटणीचा आकडा शिल्लक असता, तर जुन्या लष्करी याद्यांवरून ती येथे केव्हा होती हे काढता आले असते.

किमतीबाबत एक नियम ध्यानी ठेवावा. विक्रेत्याने मागितलेली रक्कम म्हणजे किंमत नव्हे. तशाच वस्तूस लिलावात प्रत्यक्ष जे मिळाले, ती किंमत. ओळख पुसलेल्या बिल्ल्यास फारसे काही मिळत नाही. शिवाय १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू जमिनीत सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस कळवावे लागते. त्याप्रमाणे आम्ही लेखी कळविले. यथावकाश बिल्ला परत मिळाला.

मिस्त्रीस सारे खरे सांगणे माझ्यावर आले. माझ्या हातून झालेले नुकसानही सांगितले. तो क्षणभर गप्प राहिला, मग म्हणाला, “साहब, तो इसे फेंक दूँ?” मी म्हणालो, नाही. मी एका कागदावर घर, खोली, किती हात खोल, कोणत्या दिवशी आणि कोणाच्या हाती लागला, हे सारे लिहिले आणि बिल्ला त्यात गुंडाळून त्याच्या हाती दिला. त्यावर हक्क त्याचाच, असे स्नेह्यांचेही मत पडले. लग्नाच्या खर्चास त्यांनी जमेल तेवढा हातभार लावला. माझाही त्यात वाटा होता, आणि तो मी उपकार म्हणून दिला नाही.

मंडळींनो, आपल्या मंडळास पन्नास वर्षे झाली. कपाटात जुन्या गणेशोत्सवांची छायाचित्रे आहेत. बहुतेकांच्या मागे नावे नाहीत. ती ओळखणारे वडीलधारे अजून आपल्यात बसले आहेत. त्यांना विचारून या महिन्यातच नावे लिहून घेऊ या. ओळख एकदा पुसली की मागाहून कितीही घासले तरी ती परत येत नाही, हे मी स्वानुभवाने सांगतो.