काळजी माणसाला काय देते?



आम्ही काही डॉक्टर नाही. पाळी सुटल्यावर जे वाचलं, त्यातलं थोडं सांगतो.

आपल्या वस्तीत काही माणसं सदा काळजीत असतात. पोराला कामावरून यायला अर्धा तास उशीर झाला की आई दारात. गाडीखाली आला असेल, पोलिसांनी धरला असेल, नाना विचार. पोटात गोळा, मान आखडलेली, रात्री झोप नाही. आपण म्हणतो, "कशाला एवढी काळजी करतेस?" तिला राग येतो, आणि तो रास्त आहे. कारण काळजी तिला काहीतरी देते.

अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ थॉमस बोर्कोवेक यांचा प्रयोग १९९० साली छापून आला. भाषणाला घाबरणारी माणसं घेतली. (आमची छाती आता धडधडतेय, ते सोडा.) काहींना आधी काळजी करायला लावली, काहींना शांत बसवलं. मग सगळ्यांना, आपण भाषणाला उभे आहोत असं डोळ्यांपुढे आणायला सांगितलं. तेव्हा काळजी करणाऱ्यांच्या काळजाचे ठोके सगळ्यात कमी वाढले!

म्हणजे काळजीने भीती गेली का? तर नाही. मिशेल न्यूमन आणि सँड्रा लेरा या दोघींनी २०११ साली याचा उलगडा मांडला. काळजी करणारा मनाने आधीच खाली बसलेला असतो, अंगही आधीच ताणलेलं. मग पडायला उंची उरत नाही. त्याला दुःखापेक्षा, सुखातून एकदम दुःखात पडण्याचं भय जास्त. म्हणून तो हसतानाही पुरता हसत नाही. पोरगा सुखरूप आला की आईला सुटल्यासारखं होतं, आणि काळजी केली ते बरंच झालं असं वाटतं.

गिरण्या बंद पडल्या तेव्हा आम्ही हे घराघरांत पाहिलं. एकदा घाव बसला की पुन्हा बेसावध सापडायचं नाही, असं माणूस मनाशी धरतो. किंमत मात्र अंगाला मोजावी लागते.

तेव्हा नुसतं "विचार करू नको" म्हणून भागत नाही. अंगाऱ्याने तर नाहीच. बोर्कोवेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ सालीच एक साधा उपाय दिला होता. काळजीला रोज ठरलेली जागा, ठरलेला अर्धा तास. इतर वेळी आली तर सांगायचं, तुझ्या पाळीला ये! महिनोन् महिने झोप उडालेली असेल तर लपवू नका, दवाखान्यात दाखवा. सरकारची टेलि-मानस फोनसेवा २०२२ साली सुरू झाली, तिथे मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. नंबर १४४१६. घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.