माळ्यावरच्या फिती आणि जुना संगणक

भोर आणि वेल्हें या भागांतील पाऊस घरांतील कोणतीच वस्तु कोरडी राहूं देत नाहीं. तोरण्याच्या पायथ्याशीं आषाढांत भिंतींना ओल चढते, आणि माळ्यावर टाकलेल्या कॅसेटींच्या फितींवर पांढरी बुरशी धरते. फितींत नुसतीं गाणीं असतील तर हानि मोठी नव्हे. तीं अन्यत्र मिळतात. परंतु 1980 नंतरच्या दशकांत ज्या घरीं सिंक्लेअर स्पेक्ट्रम हा संगणक आला, त्या घरच्या फितींत मुलांनीं स्वतः रचलेले बेसिक भाषेंतील प्रोग्राम असूं शकतात. त्यांची दुसरी प्रत जगांत कोठेंहि नसते.

हा संगणक इंग्लंडांत 1982 सालीं निघाला. भारतांत डेसीबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीनें त्याची सुधारलेली आवृत्ति परवान्यानें विकली. त्याची स्मृति अवघी 48 किलोबाइट, आणि वीज जातांच तीहि कोरी होई. म्हणून केलेलें काम साध्या टेपरेकॉर्डरवर ध्वनिरूपानें सांठवीत.

मूळ यंत्र बिघडलें असलें तरी हा ध्वनि आजच्या संगणकाला ऐकवितां येतो. त्यासाठीं जो प्रोग्राम लागतो त्यास एम्युलेटर म्हणतात. आपला बहुरूपी पोषाख बदलून फौजदार होतो. एम्युलेटरचें सोंग याहून खोल. जुन्या यंत्रांतील झेड-80 प्रोसेसरला प्रत्येक आज्ञेस किती वेळ लागे, हेंहि तो हिशेबांत धरतो. त्यामुळें आपण परक्या घरीं आलों आहों, हें जुन्या प्रोग्रामला उमगतच नाहीं. ‘फ्यूज’ नांवाचा असा एम्युलेटर विनामूल्य मिळतो. यंत्राचे हक्क 1986 सालीं ॲमस्ट्रॅड कंपनीकडे गेले, व एम्युलेटरसोबत मूळ रॉम वांटण्यास तिनें मोकळीक दिली. तेव्हां येथें चोरीचा प्रश्न उरत नाहीं.

फ्यूज बसविणें हें घटकाभराचें काम. खरे कष्ट फितीचे. बुरशी दिसत असल्यास ती आधीं जाणत्याकडून साफ करून घ्यावी. तशीच चालविली तर टेपरेकॉर्डरहि खराब होतो. मग टेपरेकॉर्डरचें इयरफोनचें भोंक संगणकाच्या माइकच्या भोंकाशीं तारेनें जोडावें, आणि सेकंदास 44,100 नमुने घेऊन ध्वनि वेव्ह फाइलींत उतरवावा. एमपीथ्रीचा मोह टाळावा. ती रीत कानाला न जाणवणारा भाग टाकून देते. येथें तर यंत्राला लहरींचे कांठ नेमके हवे असतात. प्रथम सुमारें पांच सेकंद एकसुरी शीळ, मग कर्कश खरखर, असा आवाज यावयास हवा. तो बोदा वाटल्यास डोक्याजवळचा बारीक स्क्रू किंचित् फिरवून आवाज सर्वांत धारदार होईल तेथें थांबावें.

फ्यूजच्या जोडसाधनांतील ‘ऑडिओ टू टेप’ या प्रोग्रामनें त्या ध्वनीची टेप-फाइल होते. ती फ्यूजमध्यें उघडावी. आपोआप न चालल्यास जे ही कळ दाबावी. एका कळीनें ‘लोड’ हा सबंध शब्द उमटतो. पुढें दोन अवतरणचिन्हें, मग एंटर. पडद्याच्या कडेला तांबडे-निळसर पट्टे धांवूं लागतात, त्यामागून निळे-पिवळे. ‘टेप लोडिंग एरर’ असें आलें तर निराश न होतां आवाज कमीजास्त करून फीत पुन्हां उतरवावी. जुन्या फितीला दोनतीन वेळां विनवावेंच लागतें.

एकदां प्रोग्राम चढला कीं ‘लिस्ट’ ही आज्ञा द्यावी. ओळी वर सरकूं लागतात, आणि त्यांत ‘रेम’ या शब्दापुढें एखाद्या मुलानें लिहिलेलें स्वतःचें नांव व तारीखहि निघूं शकते. ज्या श्रोत्यांच्या माळ्यावर अशी फीत असेल, त्यांनीं ती मृग लागण्यापूर्वींच खालीं काढावी.